गेटवरचा वायफाय कॅमेरा रात्री ऑफलाइन, घरातला ॲपला जोडलाच जात नाही: सुरुवात कुठून करू?

चिरेबंदी:

गावचं घर सावंतवाडीजवळ आहे. आई-बाबा तिथे, मी पुण्यात. कॅमेरे दोन आणि तक्रारी तीन, म्हणून एकाच धाग्यात सगळं लिहितो.

आधी घराची मांडणी. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर कौलं, पुढच्या पडवीवर पत्रा. फायबरचा राउटर माजघरात, ड्युअल बँड (२.४ आणि ५ गीगाहर्ट्झ), पण दोन्ही बँडना नाव एकच दिसतं. प्लॅन ५० एमबीपीएसचा. पडवीतून खळं ओलांडलं की गडगा आणि लोखंडी गेट. राउटरपासून गेट १८ मीटरवर.

घरातला कॅमेरा (२ मेगापिक्सेल, फिरणारा) फोनवरचा क्यूआर दाखवला की बीप करतो, मग "कनेक्ट होत आहे" म्हणतो आणि दोनेक मिनिटांनी फेल. रीसेट करूनही तेच.

गेटवरचा (३ मेगापिक्सेल, ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर) दिवसभर ठीक चालतो. अंधार पडला की ऑफलाइन, सकाळी उजाडलं की आपोआप परत. अडॅप्टर पडवीत आहे, तिथून ६ मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणि पुढे कॅमेऱ्याची स्वतःची २ मीटर. मेमरी कार्डात पाहिलं तर रात्रीचं रेकॉर्डिंगच नाही.

तिसरं म्हणजे पुण्यातून लाइव्ह बघताना चाक फिरत राहतं. आई-बाबांच्या फोनवर, घरच्या वायफायवर, तेच चित्र लगेच येतं.

दुकानदार म्हणतो, रेंजचा प्रॉब्लेम आहे, एक्स्टेंडर (सिग्नल घेऊन पुढे देणारा डबा) घ्या. घेऊ का?


नेटवाला_भाऊ:

चांगला ड्युअल बँड एक्स्टेंडर घ्या आणि कॅमेरे ५ गीगाहर्ट्झवर टाका. स्पीड जास्त मिळतो, विषय संपला.


मल्टिमीटर:

विषय संपला नाही, भाऊ. घरगुती वायफाय कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना ५ गीगाहर्ट्झ दिसतच नाही, खोक्यावर वाचा. आणि जाड भिंतीतून ५ गीगाहर्ट्झ २.४ पेक्षा लवकर मरतो.

चिरेबंदी, एक्स्टेंडरचे पैसे आत्ता खर्चू नका. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटी आलंय: कार्डात रात्रीचं रेकॉर्डिंग नाही. नुसतं वायफाय तुटलं तर कॅमेरा कार्डावर रेकॉर्ड करतच राहतो, त्याला त्यासाठी नेट लागत नाही. कार्डातही भोक पडलंय म्हणजे कॅमेरा स्वतःच बंद पडतोय. हे पॉवरचं दुखणं आहे.

अंधार पडल्यावरच का, तर तेव्हा इन्फ्रारेड एलईडी लागतात. अशा कॅमेऱ्याला दिवसा साधारण ०.२ अँपिअर लागतात, एलईडी लागल्यावर ०.५ च्या आसपास. आता तुमच्या केबलचा हिशेब करा. बाजारातल्या स्वस्त यूएसबी एक्स्टेन्शनमध्ये पॉवरच्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या, म्हणजे फार बारीक असतात. २८ गेजच्या तांब्याचा रोध मीटरला ०.२१ ओहम, जाण्यायेण्याच्या दोन तारा धरून ०.४२. तुमची एकूण केबल ८ मीटर, म्हणजे जवळजवळ ३.४ ओहम. दिवसा ०.२ अँपिअरला ०.७ व्होल्ट पडतात, कॅमेऱ्याला ४.३ मिळतात आणि तो कसाबसा तग धरतो. रात्री ०.५ अँपिअरला १.७ व्होल्ट पडतात, उरतात ३.३. कॅमेरा बंद पडतो, एलईडी विझतात, व्होल्टेज वर येतं, पुन्हा चालू होतो, पुन्हा एलईडी, पुन्हा बंद. रात्रभर हाच खेळ.

खात्री करायला मीटरही लागत नाही. भर दुपारी ॲपमध्ये नाइट व्हिजन "ऑटो"वरून "कायम चालू"वर करा. एलईडी लागताच कॅमेरा गेला तर निकाल लागला. उलट बाजूने, रात्री नाइट व्हिजन बंद ठेवून तो टिकतो का बघा. चित्र काळं दिसेल, पण ऑनलाइन राहील.

उपाय: ती ६ मीटरची एक्स्टेन्शन काढून टाका. तिच्या जागी १ चौरस मिलिमीटरची दोन तारांची कॉपर वायर ओढा, घरच्या लाइट फिटिंगला वापरतात तीच. एका टोकाला स्क्रूवाली यूएसबी मेल पिन, दुसऱ्या टोकाला स्क्रूवालं फीमेल सॉकेट. पिन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात, सोल्डरिंगही करावं लागत नाही. प्लस-मायनस मात्र दोनदा तपासा. या वायरीचा जाण्यायेण्याचा रोध मीटरला ०.०४ ओहमच्या आतच, ६ मीटरला पाव ओहमही होत नाही. कॅमेऱ्याची स्वतःची २ मीटर केबल राहू द्या, किंवा यूएसबी पिनेचीच असेल तर अर्ध्या मीटरची चांगली जाड केबल लावा.

अंतर १०-१२ मीटरच्या पुढे असतं तर ५ व्होल्ट ओढूच नका म्हटलं असतं. तेव्हा पडवीतून १२ व्होल्ट न्यायचे आणि कॅमेऱ्यापाशी १२ ते ५ व्होल्टचा ३ अँपिअरवाला बक कन्व्हर्टर बसवायचा.

एक धोका: १२ व्होल्टचे कॅमेरेही मिळतात आणि गोल पिन कधी कधी दोन्हींना सारखीच असते. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्यात १२ चा अडॅप्टर खुपसला की तो तिथेच जातो. घरात दोन्ही प्रकार असतील तर अडॅप्टरवर मार्करने लिहून ठेवा.


राउटर_रिकामटेकडा:

वरच्याशी सहमत. आता घरातल्या कॅमेऱ्याचं बघू.

कॅमेरा जोडताना नेमका कुठल्या पायरीवर अडतो ते ओळखलं की अर्धं काम होतं. बीप आलाच नाही तर क्यूआर वाचला गेलेला नाही: फोनचा ब्राइटनेस पूर्ण करा, १५-२० सेंटिमीटरवर धरा, हळूहळू मागे-पुढे करा, लेन्सवरची प्लास्टिकची फिल्म काढा (हो, ती राहते). बीप आला आणि नंतर फेल, हे तुमचं, म्हणजे क्यूआरमधून नाव आणि पासवर्ड कॅमेऱ्याला मिळालेत पण तो राउटरला चिकटू शकत नाही. आणि वायफायला चिकटला, पण ॲप म्हणतंय "हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे", तर कॅमेरा जुना किंवा कुणाच्या तरी दुसऱ्या फोनवर आधीच नोंदवलेला. तिथे रीसेटचं बटण दाबून उपयोग नसतो, त्या जुन्या खात्यातूनच काढावा लागतो.

तुमच्या केसमध्ये संशयित तीन. पहिला, दोन्ही बँडना एकच नाव. राउटरवर याला "स्मार्ट कनेक्ट" किंवा "बँड स्टीअरिंग" म्हणतात. कॅमेरा २.४ वर यायला बघतो, राउटर त्याला ५ वर ढकलू पाहतो, कॅमेऱ्याला ५ कळतच नाही. दुसरा, सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ वर (वायफाय पासवर्डच्या नव्या पद्धतीवर) ठेवलेली. तिसरा, पासवर्ड किंवा नाव.

ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा, बहुतेक १९२.१६८.१.१, पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या बुडाशी स्टिकरवर असतो. वायफाय किंवा डब्ल्यूलॅनच्या भागात स्मार्ट कनेक्ट बंद करा आणि २.४ ला वेगळं नाव द्या, उदाहरणार्थ शेवटी २४ जोडून. सुरक्षा डब्ल्यूपीए२ पीएसके, एनक्रिप्शन एईएस. चॅनेल "ऑटो"ऐवजी १, ६ किंवा ११. भारतात १३ पर्यंत चॅनेल चालतात, पण १२-१३ न दिसणारे कॅमेरे बरेच आहेत आणि ऑटोवर राउटर कधी तिकडे गेला की कॅमेरा "अचानक" गायब होतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. कॅमेऱ्याला ४० ची गरज नाही, उगाच शेजाऱ्यांचा गोंगाट आत येतो.

कंपनीने ते पान कुलूपबंद करून दिलं असेल तर कस्टमर केअरला फोन करून "२.४ आणि ५ चं नाव वेगळं करून द्या" एवढंच सांगा. बरेचदा ते तिकडूनच करता येतं.

नावाबद्दल एक गंमत. वायफायचं नाव मराठीत ठेवायची हौस असते, पण काही स्वस्त कॅमेरे ते वाचू शकत नाहीत. शिवाय नावाची मर्यादा ३२ बाइटची, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्रा धरून दहा चिन्हांत जागा संपली. कॅमेऱ्यासाठीचं नाव रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. पासवर्डमध्ये अवतरणचिन्ह, उलटी तिरकी रेघ किंवा अर्धविराम असेल तर जोडणीपुरता साधा अक्षरं-आकड्यांचा करून बघा.

फोनकडूनही अडतं. जोडताना मोबाइल डेटा बंद, व्हीपीएन बंद, लोकेशन चालू (अँड्रॉइडवर लोकेशनशिवाय ॲपला वायफायची यादी मिळत नाही). आयफोन असेल तर त्या ॲपला "लोकल नेटवर्क"ची परवानगी द्या. क्यूआरऐवजी कॅमेऱ्याच्या हॉटस्पॉटने जोडणार असाल तर अँड्रॉइड "या वायफायवर इंटरनेट नाही" म्हणून सूचना देतो. तिथे "तरीही जोडलेले राहा" निवडा, नाहीतर फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि कॅमेरा वाट बघत बसतो.

एवढं करूनही नाही झालं तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट २.४ वर चालू करून कॅमेरा त्याला जोडा (आयफोनवर त्यासाठी "मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी" चालू करावं लागतं). तिथे जोडला गेला तर कॅमेरा चांगला, दोष राउटरच्या सेटिंगमध्ये. तिथेही फेल गेला तर बदलून घ्या.


कौलारू:

पॉवर आधी, हे बरोबर. पण १८ मीटर, मधे चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्र्याची पडवी, तेव्हा रेंजकडेही बघावं लागेल. चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात बाहेरची भिंत पाणी पिते आणि ओल्या भिंतीतून २.४ चा सिग्नल आणखी पडतो. मे महिन्यात बसवलेला कॅमेरा जुलैत रुसतो त्याचं एक कारण हे.

फोनवरच्या काड्या मोजू नका, डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा. वायफाय ॲनालायझरच्या कुठल्याही ॲपमध्ये दिसतो, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या ॲपमध्येही "उपकरणाची माहिती"खाली असतो. फोन कॅमेऱ्याच्या जागेवर, त्याच उंचीला धरून वाचा. उणे ५० ते ६० उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ बिनतक्रार. उणे ७० च्या पलीकडे अडखळतो. उणे ८० ला धरूनच चाला की तुटणार. आणि ३ डीबीचा फरक म्हणजे दुप्पट-निम्मं, तेव्हा ६७ आणि ७३ "जवळपास सारखंच" नाही.

फुकटचे उपाय आधी. राउटर माजघरातून पडवीच्या बाजूच्या खोलीत, पाच-सहा फूट उंचीवर, टीव्ही-फ्रीज-लोखंडी कपाटामागे नाही. अँटेना उभ्या ठेवा, सिग्नल त्यांच्या आजूबाजूला पसरतो, टोकाकडे नाही. गेटच्या लोखंडी खांबाला कॅमेरा चिकटून असेल तर एक वीत तरी पुढे घ्या, आणि त्याची अँटेनाही उभी करा.

एक्स्टेंडर अगदीच टाकाऊ नाही, पण लोक तो कॅमेऱ्याशेजारी लावतात, जिथे सिग्नल आधीच मेलेला असतो. मेलेला सिग्नल मोठ्याने पुन्हा म्हटल्याने काय होणार? तो तिथे लावा जिथे राउटरचा सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे. त्यातही एकाच बँडवर घेऊन एकाच बँडवर देताना वेग निम्म्यावर येतो.

घरात जुना राउटर पडून असेल तर तो बरा. राउटरपासून पडवीपर्यंत कॅट६ केबल, दोन्हीकडे लॅन पोर्टमध्ये (वॅनमध्ये नाही). जुन्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२, त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद, चॅनेल मुख्य राउटरपेक्षा वेगळा. झाला ॲक्सेस पॉइंट. डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर घरातले सगळेच फोन मधूनमधून बंद पडतील आणि कॅमेऱ्याला शिव्या बसतील.


चिरेबंदी:

सगळ्यांचे आभार. वायरमनकडून तपासून घेतलं.

दुपारी नाइट व्हिजन कायम चालू केलं, एलईडी टिकटिक करून कॅमेरा गेला. अडॅप्टरच्या तोंडाशी ५.०८ व्होल्ट. कॅमेऱ्याच्या टोकाला एलईडीशिवाय ४.३, एलईडी लागताना ३.४ पर्यंत खाली जाऊन परत वर. आता १ चौरस मिलिमीटरची वायर आणि पुढे छोटी जाड केबल. एलईडीसह ४.८ मिळतात, रात्रभर चालू आहे.

घरातला २.४ ला वेगळं नाव दिल्यावर जोडला गेला. सुरक्षा आधीच डब्ल्यूपीए२ होती.

गेटवर सिग्नल उणे ७१ होता, राउटर पुढच्या खोलीत हलवल्यावर उणे ६४. एक्स्टेंडर रद्द.

राहिलं पुण्यातून बघणं. कुणी म्हणतं पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत राउटरमध्ये वाट उघडा.


राउटर_रिकामटेकडा:

करू नका. एक तर चालण्याची शक्यता कमी: अनेक कंपन्या घरगुती ग्राहकांना सीजीनॅटमागे ठेवतात, म्हणजे तुमचा म्हणून वेगळा सार्वजनिक आयपी नसतोच. तपासायचं तर राउटरच्या पानावरचा वॅन आयपी बघा. १०० पासून सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, किंवा १० पासून सुरू होत असेल, तर सीजीनॅट. दुसरं म्हणजे कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा टाकणं हेच घातक. २०१६ चं मिराय बॉटनेट (हॅकरांनी ताब्यात घेतलेल्या उपकरणांची फौज) अशाच, कारखान्यातला पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांवर आणि डीव्हीआरवर उभं राहिलं होतं. ॲपची पी२पी जोडणी (ॲप स्वतःच फोन आणि कॅमेऱ्याची गाठ घालून देतं ती) सीजीनॅटमधूनही चालते, तीच वापरा. खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि आई-बाबांना तुमचा पासवर्ड देऊ नका, ॲपमधून "शेअर" करा.

घरच्या वायफायवर चित्र लगेच येतं, बाहेरून नाही, म्हणजे अडचण गावाहून वर जाणाऱ्या वेगात. घरी स्पीड टेस्ट करून डाउनलोड नाही, अपलोडचा आकडा बघा, तोही संध्याकाळी ८-९ वाजता. ३ मेगापिक्सेलला एच.२६४ या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) २ ते ३ एमबीपीएस लागतात, एच.२६५ केलं तर त्याहून बरेच कमी. ॲपमध्ये कोडेक एच.२६५ करा आणि पुण्यातून बघताना एचडीऐवजी एसडी निवडा. कार्डावर रेकॉर्डिंग एचडीतच होत राहतं. क्लाउड रेकॉर्डिंग चालू असेल तर ते सतत अपलोड खातं, "फक्त हालचाल झाल्यावर" करा.


मल्टिमीटर:

कार्डाबद्दल थोडं. सतत १ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. २ एमबीपीएसने १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि मग जुनं पुसत जातं. रोज असं घासणारं काम साध्या कार्डाला झेपत नाही, "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं घ्या आणि फॉरमॅट कॅमेऱ्याच्या ॲपमधूनच करा. सवलतीत मिळालेलं कार्ड आधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून तपासा. नकली कार्ड १२८ दाखवतं, आत असतात १६, आणि पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं.

लाइट जाऊन आल्यावर कॅमेऱ्याची वेळ चुकली तर घाबरू नका. बऱ्याच घरगुती कॅमेऱ्यांत घड्याळाची बॅटरीच नसते, नेट आलं की वेळ घेतो. पण नेट यायच्या आधीचं रेकॉर्डिंग भलत्याच तारखेखाली पडतं. चोरीनंतर शोधताना तिथेही बघा.


कौलारू:

पावसाआधी करायचं काम: केबल कॅमेऱ्यात शिरते तिथे आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोळातून गळतील, पिनेत शिरणार नाहीत. आयपी६६ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा शिक्का कॅमेऱ्याच्या खोक्याला असतो, मागच्या शेपटीवरच्या जोडाला नाही. तो जोड आणि स्क्रूवालं सॉकेट पीव्हीसीच्या ४ बाय ४ डब्यात घाला, वायरीची भोकं डब्याच्या तळाशी. विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर आणि राउटर दोन्ही बोर्डातून काढायला आई-बाबांना सांगा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

रात्री "हालचाल" म्हणून शेकड्याने सूचना येतील त्या बहुतेक कोळ्याच्या आणि किड्यांच्या. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, त्यांच्यामागे कोळी, आणि लेन्ससमोरचं एक जाळं पुरतं. मऊ ब्रशने आठवड्याला झाडा, आणि ॲपमध्ये "फक्त माणूस" असा पर्याय असेल तर तो लावा.


चिरेबंदी:

लाइट गेल्यावर राउटरसाठी मिनी यूपीएस घ्यायचा विचार आहे. ७८०० एमएएचवाला किती चालेल?


मल्टिमीटर:

तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ७.८ गुणिले ३.७ म्हणजे जेमतेम २९ वॉट-तास, रूपांतरात थोडे जाऊन हाती २४. राउटर ८ वॉट खात असेल तर तीन तास. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट, अँपिअर आणि पिनेच्या मधल्या टोकाची खूण बघून तोच मेळ घ्या, बहुतेक १२ व्होल्ट असतं. गेटचा कॅमेरा त्याच यूपीएसच्या ५ व्होल्टच्या सॉकेटवर चालेल, पण मग वेळ दोन तासांवर येईल. आणि केबलवाल्याच्या गावातल्या यंत्राला बॅकअप नसेल तर राउटर चालू राहूनही नेट जाणारच. तेवढा वेळ कार्डावर रेकॉर्डिंग मिळेल, पुण्यातून दिसणार नाही. घेण्याआधी लाइट गेली असताना राउटरवरचा लाल "लॉस"चा दिवा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याची खूण) लागतो का, हे बाबांना इन्व्हर्टरवर राउटर लावून एकदा बघायला सांगा.